अपवादांची उतरंड : प्रोग्रामिंग भाषांच्या स्टँडर्ड लायब्ररीतील दोष-वर्गीकरणाचा इतिहास

प्रस्तावना

कोणताही संगणक प्रोग्राम लिहिताना त्याची नेहमीची वाट आधी आखली जाते. फाइल उघडावयाची, तिच्यातील ओळी वाचावयाच्या, आकड्यांची बेरीज करावयाची आणि उत्तर छापावयाचे. प्रत्यक्षात मात्र फाइल जागेवर नसते. असली तर ती वाचण्याची परवानगी नसते. आकड्याच्या जागी अक्षर लिहिलेले असते. किंवा काम अर्धवट असताना वापरणारा स्वतःच ते थांबवतो. अशा प्रसंगांना प्रोग्रामिंगच्या परिभाषेत एक्सेप्शन, म्हणजेच अपवाद, असे म्हणतात. अपवाद घडला की चालू काम तेथेच सोडले जाते आणि तो अपवाद ज्या फंक्शनने हे काम सांगितले होते त्याच्याकडे, तेथे दखल घेतली गेली नाही तर त्याच्याही वरच्याकडे, असा वर वर जात राहतो. वाटेत कोणी तो झेलला तर ठीक. कोणीच झेलला नाही तर प्रोग्राम बंद पडतो.

झेलणाऱ्याला निवड करता यावी म्हणून अपवादांचे प्रकार केलेले असतात आणि त्या प्रकारांची उतरंड रचलेली असते. शून्याने भागाकार हा अंकगणिती दोषांचा उपप्रकार, अंकगणिती दोष हा सर्वसाधारण दोषांचा उपप्रकार, अशी ही रचना होय. वरच्या नावाने झेलले की त्याखालचे सर्व प्रकार आपोआप झेलले जातात. भाषेसोबत येणाऱ्या स्टँडर्ड लायब्ररीचे कर्ते ही उतरंड ठरवतात. आणि त्यांना ती अशा वेळी ठरवावी लागते की, जेव्हा तिचा उपयोग करणारे बहुतेक प्रोग्राम अजून लिहिले गेलेले नसतात.

अपवाद हा शब्द आपल्याला संस्कृत व्याकरणातूनही परिचित आहे. तेथे सामान्य नियमाला उत्सर्ग आणि विशिष्ट स्थळी त्याला बाजूला सारणाऱ्या नियमाला अपवाद म्हणतात. विशेष नियम सामान्य नियमापेक्षा बलवान ठरतो. प्रोग्रामिंगमध्ये ही व्यवस्था आपोआप लाभत नाही. झेलण्याची कलमे लिहिलेल्या क्रमाने तपासली जातात. सामान्य कलम आधी लिहिले तर विशेष कलमाची पाळी येतच नाही. जावा भाषेचा कंपायलर अशी चूक अडवतो. पायथन ती निमूटपणे चालवून घेतो.

प्रस्तुत निबंधात या उतरंडींचा इतिहास पाहिला आहे. मुख्य भर पायथन या भाषेवर आहे, कारण तिच्या रचनेतील चुका आणि त्यांच्या दुरुस्त्या 'पेप' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सार्वजनिक प्रस्तावांत कारणांसह नोंदलेल्या आहेत. या इतिहासातून असे दिसते की, दोष कोठे उपजला, तो कोणी लिहिलेल्या प्रोग्राममधला आहे किंवा त्यात अपराध कोणाचा, या कसोट्यांवर उभारलेली वर्गीकरणे फारशी टिकली नाहीत. झेलणारा पुढे काय करू शकतो, या कसोटीवर उभारलेली वर्गीकरणे मात्र टिकली.

उतरंडीपूर्वीचा काळ

१९६४ च्या सुमारास आयबीएम आणि तिच्या ग्राहकांची शेअर ही संघटना यांनी मिळून पीएल/वन ही भाषा आखली. तीत 'ऑन' या शब्दाने सुरू होणारी विधाने होती : फाइल संपली तर अमुक करा, शून्याने भागाकार झाला तर तमुक करा. या परिस्थितींची यादी सपाट होती. कोणी कोणाच्या पोटात नव्हते. तरीही उतरंडीची एक अस्पष्ट चाहूल तेथे लागते. अनेक परिस्थितींची दखल प्रोग्रामने घेतली नाही तर भाषा स्वतःहून 'एरर' नावाची सर्वसाधारण परिस्थिती उपस्थित करीत असे. म्हणजे विशेषाकडे दुर्लक्ष झाले तर ते सामान्यात विलीन होई.

या विषयाची पहिली पद्धतशीर मांडणी जॉन गुडइनफ यांनी डिसेंबर १९७५ मध्ये 'कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम' या नियतकालिकातील लेखात केली. त्यांचा एक मुद्दा आजही मूलभूत वाटतो. ज्या क्रियेत अपवाद आढळतो, त्या क्रियेला त्याचा पूर्ण अर्थ ठाऊक नसतो. तो अर्थ तिच्या बाहेर, तिला बोलावणाऱ्यापाशी असतो. फाइल सापडली नाही ही गोष्ट एका प्रोग्रामच्या दृष्टीने आपत्ती असते, तर दुसऱ्याच्या दृष्टीने 'आज प्रथमच वापर होत आहे' एवढाच तिचा अर्थ असतो. पुढील चार दशकांत वेगवेगळ्या भाषांच्या कर्त्यांना हेच सत्य आपापली किंमत मोजून पुन्हा शिकावे लागले.

बार्बरा लिस्कोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एमआयटीत घडवलेल्या क्लू या भाषेत प्रत्येक कार्यपद्धतीच्या शीर्षकातच ती कोणते अपवाद देऊ शकते हे लिहावे लागे. लिस्कोव्ह आणि ॲलन स्नायडर यांचा त्यासंबंधीचा लेख १९७९ चा आहे. अपवादाची दखल लगतच्या बोलावणाऱ्यानेच घ्यावयाची, आणि त्याने ती घेतली नाही तर त्याचे रूपांतर 'फेल्युअर' या एकाच सर्वसामान्य अपवादात व्हावयाचे, असा तेथील नियम होता. अपवादाच्या प्रकाराला वंश नव्हता, केवळ नाव होते.

एडा भाषेच्या १९८३ च्या प्रमाणात पाच अपवाद पूर्वनिर्धारित होते आणि तेही सपाट यादीतच होते. त्यांपैकी दोघांची कथा उद्बोधक आहे. एखादे मूल्य घोषित मर्यादेबाहेर गेले तर कन्स्ट्रेंट एरर, आणि अंकगणिती क्रियेला योग्य उत्तर देता आले नाही तर न्यूमेरिक एरर, असा भेद करण्यात आला होता. कागदावर तो स्वच्छ दिसतो. प्रत्यक्षात एकाच बेरजेत मर्यादेचे उल्लंघन आधी घडले की यंत्राची क्षमता आधी संपली, हे कंपायलरागणिक बदलू लागले. दोन्ही नावे एकत्र झेलणे हाच प्रोग्राम लिहिणाऱ्यांपुढील सुरक्षित मार्ग उरला. एडा ९५ मध्ये न्यूमेरिक एरर हे कन्स्ट्रेंट एररचेच दुसरे नाव करण्यात आले. झेलणाऱ्याला जी सीमारेषा दिसत नाही, ती आखण्यात अर्थ नसतो, याचा हा आरंभीचा दाखला होय.

एडाचा विषय निघाला असता एरियन ५ या अग्निबाणाचा उल्लेख टाळता येत नाही. ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातील कुरू येथून झालेले त्याचे पहिले उड्डाण चाळीस सेकंदांच्या आत संपले. चौकशी मंडळाच्या अहवालानुसार, दिशादर्शक यंत्रणेतील प्रोग्राम एका ६४ बिटी अपूर्णांकी संख्येचे १६ बिटी पूर्णांकात रूपांतर करीत असताना ती संख्या मावली नाही आणि अपवाद उठला. हा भाग एरियन ४ कडून जसाच्या तसा घेतलेला होता आणि उड्डाणानंतर त्याची गरजही नव्हती. धोका असलेल्या सात चलांपैकी चारांना संरक्षण दिलेले होते, तिघांना नव्हते. पण या निबंधाच्या दृष्टीने महत्त्वाची बाब पुढेच आहे. कोणताही अपवाद उठला तर त्याची नोंद करून प्रोसेसर बंद करावा, असा यंत्रणेच्या विनिर्देशातच नियम होता; कारण अपवाद म्हणजे हार्डवेअरमध्ये अचानक उद्भवलेला बिघाड, असे गृहीत धरले होते. बिघाड एका यंत्रात असेल तर दुसरे राखीव यंत्र काम सांभाळील, हा त्यामागचा तर्क. परंतु राखीव यंत्रात तोच प्रोग्राम होता आणि त्याच कारणाने तो ७२ मिलिसेकंद आधीच बंद पडला होता. दोष एडा भाषेचा नव्हता. 'यंत्र बिघडले' आणि 'हिशोब चुकला' या दोन भिन्न गोष्टींसाठी एकच उत्तर ठरवण्यात आले होते, आणि त्यांपैकी दुसरीला ते उत्तर लागू पडत नव्हते.

अपराधाची, कर्तव्याची आणि कर्त्याची कसोटी

अपवादांना वंश देण्याची कल्पना वस्तुनिष्ठ प्रोग्रामिंगबरोबर आली. अपवाद ही एक वस्तू आणि तिचा प्रकार म्हणजे एक वर्ग असे मानले की, वर्गांमधील वारसा अपवादांनाही आपोआप लागू होतो. लिस्प परंपरेत ही रचना १९८० च्या दशकात बरीच प्रगल्भ झाली होती. १९९४ मध्ये प्रमाणित झालेल्या कॉमन लिस्पमध्ये सर्वांच्या मुळाशी 'कंडिशन' आहे. तिच्याखाली 'वॉर्निंग' आहे आणि 'सीरियस कंडिशन' आहे. 'एरर' हा त्या गंभीर स्थितींपैकी केवळ एक प्रकार आहे. स्मृती संपणे हे गंभीर आहे, पण एरर नव्हे. हा भेद वरवर पाहता शब्दच्छल वाटेल. तथापि 'सर्व एरर झेला' असे लिहिणाऱ्या माणसाच्या मनात स्मृती संपण्याचा प्रसंग नसतो, हे लिस्पच्या कर्त्यांनी ओळखले होते.

सी प्लस प्लसच्या १९९८ च्या प्रमाणात एक्सेप्शन या मूळ वर्गाखाली दोन मोठ्या शाखा आल्या : लॉजिक एरर आणि रनटाइम एरर. पहिलीत प्रोग्राम चालण्यापूर्वीच तत्त्वतः टाळता येण्याजोग्या चुका, दुसरीत प्रोग्रामच्या आवाक्याबाहेरील घटनांतून उद्भवणारे दोष. ही अपराधाची कसोटी होय : चूक प्रोग्राम लिहिणाऱ्याची की परिस्थितीची? तिचा फोलपणा त्याच लायब्ररीने पुढे सिद्ध केला. २०११ च्या प्रमाणात मजकुराचे संख्येत रूपांतर करणारे एसटीओआय हे फंक्शन आले. मजकुरात संख्या नसेल तर ते इनव्हॅलिड आर्ग्युमेंट हा अपवाद देते, आणि तो लॉजिक एररच्या शाखेत बसतो. वापरणाऱ्याने वयाच्या रकान्यात चुकून नाव लिहिले, तर वर्गीकरणानुसार तो प्रोग्राम लिहिणाऱ्याचा तार्किक प्रमाद ठरतो! लायब्ररीला समोर आलेला मजकूर कोठून आला हे ठाऊक नसते. म्हणून अपराध कोणाचा हेही ती ठरवू शकत नाही.

जावाने १९९६ मध्ये कर्तव्याची कसोटी आणली. थ्रोएबल या मूळ वर्गाखाली एरर आणि एक्सेप्शन या दोन शाखा, आणि एक्सेप्शनच्या पोटात रनटाइमएक्सेप्शन अशी तिची रचना आहे. एरर आणि रनटाइमएक्सेप्शन वगळता बाकीचे अपवाद झेलणे किंवा आपल्या शीर्षकात जाहीर करणे हे कंपायलर सक्तीचे करतो. क्लूमधील शीर्षकाची कल्पना येथे कायद्याच्या रूपाने अवतरली. हेतू उदात्त होता. परंतु सक्ती कोणत्या अपवादांना लागू व्हावी हे उतरंडीतील स्थानावरून ठरत असल्यामुळे लायब्ररीच्या कर्त्यांचा प्रत्येक चुकीचा अंदाज सर्वांना भोवू लागला. यूटीएफ-८ ही अक्षरसंकेतप्रणाली प्रत्येक जावात असणे बंधनकारक आहे. तरीही तिचे नाव देऊन मजकुराचे बाइटमध्ये रूपांतर करताना 'ही प्रणाली उपलब्ध नाही' हा अशक्यप्राय अपवाद झेलावाच लागे. २०११ मध्ये जावा ७ ने प्रमाण प्रणालींसाठी तयार स्थिरांक दिले, तेव्हा या निरर्थक कलमांतून सुटकेची वाट मिळाली. २०१४ मधील जावा ८ मध्ये तर सक्तीच्या आयओएक्सेप्शनला गुंडाळून सक्तीबाहेर नेणारा अनचेक्डआयओएक्सेप्शन हा वर्ग लायब्ररीनेच पुरवला. कायदा करणाऱ्यानेच पळवाट बांधून द्यावी, असा हा प्रकार होता.

जावातील आणखी एक लहानसा वर्ग या संदर्भात बोलका आहे. एखादा धागा, म्हणजे थ्रेड, बाहेरून थांबवण्यासाठी थ्रेडडेथ नावाचा अपवाद फेकला जाई. धागा थांबणे ही तशी नित्याची घटना. तिला एरर म्हणण्याचे कारण नव्हते. तरीही तो वर्ग जाणूनबुजून एररच्या शाखेत घालण्यात आला, कारण अनेक प्रोग्राम सरसकट एक्सेप्शन झेलतात आणि टाकून देतात. भाषेच्या अधिकृत दस्तऐवजात हे कारण नमूद आहे. वर्गीकरणाच्या तत्त्वापेक्षा झेलणाऱ्याची सवय येथे निर्णायक ठरली.

डॉटनेटची कसोटी याहून वेगळी होती. २००२ च्या पहिल्या आवृत्तीत सिस्टिमएक्सेप्शन आणि ॲप्लिकेशनएक्सेप्शन अशा दोन शाखा होत्या : पहिली मंचाच्या स्वतःच्या दोषांसाठी, दुसरी त्यावर प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी निर्माण केलेल्या दोषांसाठी. म्हणजे अपवादाचा वर्ग कोणी लिहिला हा येथे निकष होता. पण झेलणाऱ्याला त्याचे काय? 'हा दोष मायक्रोसॉफ्टने लिहिलेला नाही' एवढ्या माहितीवरून पुढे काय करावे हे ठरत नाही. शिवाय मंचातील काही वर्ग, उदाहरणार्थ टार्गेटइन्व्होकेशनएक्सेप्शन, स्वतःच ॲप्लिकेशनएक्सेप्शनच्या शाखेत जाऊन बसले. पुढे मायक्रोसॉफ्टच्या मार्गदर्शक सूचनांनीच ही शाखा वापरू नये असे सांगितले. वर्ग मात्र काढता आला नाही. तो आजही तेथे आहे.

पायथन : अक्षरमालेपासून वर्गापर्यंत

ग्विडो व्हान रॉसम यांनी डिसेंबर १९८९ मध्ये ॲमस्टरडॅम येथील सीडब्ल्यूआय या संस्थेत असताना पायथनचे काम सुरू केले आणि फेब्रुवारी १९९१ मध्ये ती भाषा प्रसिद्ध झाली. त्या वेळी पायथनमधील अपवाद म्हणजे साध्या अक्षरमाला होत्या. त्यांची तुलना मजकुरावरून नव्हे, तर ती नेमकी तीच वस्तू आहे का यावरून होई. त्यामुळे एकच मजकूर असलेल्या दोन अक्षरमाला दोन भिन्न अपवाद ठरू शकत. वंशाचा प्रश्नच नव्हता. अनेक अपवाद एकत्र झेलावयाचे तर त्यांची नावे कंसात ओळीने लिहावी लागत. प्रत्येक मोड्यूलने आपापला एरर निर्माण करावा ही प्रथा याच काळात रुजली आणि तिचे परिणाम पुढे वीस वर्षे भोगावे लागले.

१.५ या मालिकेत भाषेचे अंगभूत अपवाद वर्ग झाले आणि त्यांना उतरंड मिळाली. मुळाशी एक्सेप्शन, त्याखाली स्टँडर्डएरर, आणि बहुतेक सर्व नेहमीचे दोष त्याच्या पोटात. प्रोग्राममधून बाहेर पडण्यासाठी वापरला जाणारा सिस्टिमएक्झिट स्टँडर्डएररच्या बाहेर ठेवण्याची दक्षता घेतली गेली. मात्र कीबोर्डइंटरप्ट, म्हणजे वापरणाऱ्याने कंट्रोल-सी दाबून दिलेला थांबण्याचा आदेश, आतच राहिला. दक्षतेचा उपयोगही मर्यादित होता, कारण स्टँडर्डएरर हे नाव फारसे कोणी लिहीत नसे; लोक सरळ एक्सेप्शन झेलत. परिणामी, शेकडो फाइलींवर काम करणाऱ्या आवर्तनात कोणी 'काही चुकले तर पुढच्या फाइलीकडे वळा' असे कलम लिहिले, तर कंट्रोल-सी दाबणाऱ्याचा आदेशही 'काही चुकले' या सदरात जाई आणि प्रोग्राम पुढच्या फाइलीकडे वळे. प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांचे प्रोग्राम तपासणाऱ्या कोणाही अध्यापकाला असे सरसकट कलम नवे नाही.

२००५ मध्ये ब्रेट कॅनन यांनी संपूर्ण उतरंडीच्या पुनर्रचनेचा प्रस्ताव मांडला. तो पेप ३४८ होय. तो नाकारण्यात आला, कारण त्यात बदल फार होते. त्यातील गाभा घेऊन त्यांनी आणि व्हान रॉसम यांनी पेप ३५२ लिहिला आणि सप्टेंबर २००६ मधील २.५ या आवृत्तीत तो अमलात आला. मुळाशी बेसएक्सेप्शन हा नवा वर्ग आला. एक्सेप्शन त्याखाली गेला. कीबोर्डइंटरप्ट आणि सिस्टिमएक्झिट हे दोघे एक्सेप्शनच्या बाहेर, थेट बेसएक्सेप्शनखाली आले. एक्सेप्शन झेलणाऱ्या हजारो प्रोग्रामांतील एक अक्षरही न बदलता त्यांचे वर्तन सुधारले. कोणताच प्रकार न लिहिता झेलणारे उघडे कलम मात्र पूर्वीप्रमाणे सर्व काही गिळत राहिले. ते बदलण्याचा विचार झाला, पण तो स्वीकारला गेला नाही. अक्षरमालारूपी अपवाद फेकण्याची सोय २.६ मध्ये संपली आणि डिसेंबर २००८ मधील ३.० मध्ये स्टँडर्डएरर हा वर्गही गेला.

हा धडा एकदाच शिकून भागले नाही, ही गोष्ट विशेष लक्षात घ्यावी लागते. २.५ मध्येच जनरेटर बंद करण्यासाठी जनरेटरएक्झिट हा नवा अपवाद आला आणि तो एक्सेप्शनच्या खाली ठेवण्यात आला, २.६ मध्ये तो बेसएक्सेप्शनखाली हलवावा लागला. पुढे असिंक्आयओ या लायब्ररीत काम रद्द करण्यासाठी कॅन्सल्डएरर आला. तोही प्रथम एक्सेप्शनच्या पोटात होता आणि २०१९ मधील ३.८ मध्ये बाहेर काढला गेला. तिन्ही वेळा चूक एकाच जातीची होती. 'थांबा' हा आदेश आणि 'चुकले' ही वार्ता यांचे वहन एकाच यंत्रणेतून होते, म्हणून ती एकाच कुळातील आहेत असा भास होतो. झेलणाऱ्याने वार्तेवर उपाय करावयाचा असतो. आदेश मात्र त्याने पाळावयाचा असतो.

एकाच दोषाची सहा नावे

पायथनच्या उतरंडीतील सर्वांत मोठी दुरुस्ती याहून कमी नाट्यमय, पण अधिक उपकारक होती. ऑपरेटिंग सिस्टिमकडून येणारे दोष पायथनमध्ये कोणत्या मोड्यूलमधून आले त्यानुसार वेगवेगळ्या नावांनी येत. नेहमीच्या पद्धतीने फाइल उघडताना ती सापडली नाही तर आयओएरर. तीच फाइल ओएस मोड्यूलच्या द्वारे उघडताना सापडली नाही तर ओएसएरर. दोघांचा पिता एन्व्हायर्नमेंटएरर. विंडोजवर विंडोजएरर वेगळा. सॉकेट, सिलेक्ट आणि एममॅप या मोड्यूलांचे एरर आणखी निराळे; त्यांपैकी सिलेक्टचा तर या कुळाशी वारशाचा संबंधच नव्हता. मुळात ही सगळी एकाच ऑपरेटिंग सिस्टिमची एकाच पद्धतीची उत्तरे होती. प्रोग्रामने कोणत्या दरवाजातून प्रश्न विचारला, यावरून उत्तराला नाव दिले जात होते.

झेलणाऱ्याला जी माहिती हवी होती ती नावात नव्हतीच. फाइल नाही, परवानगी नाही, पलीकडच्याने जोडणी तोडली, हे सर्व अपवादासोबत येणाऱ्या एररनो या क्रमांकात दडलेले असे. युनिक्समध्ये २ म्हणजे फाइल नाही. काटेकोर प्रोग्रामरने आयओएरर झेलून क्रमांक तपासावा, तो २ असेल तर उपाय करावा, नसेल तर अपवाद पुन्हा फेकावा, अशी अपेक्षा होती. घाईतला प्रोग्रामर क्रमांक तपासत नसे. समजा, एखादा प्रोग्राम जुन्या नोंदींची फाइल वाचतो आणि आयओएरर आला तर 'पहिलाच वापर दिसतो' असे समजून कोरी फाइल तयार करतो. एके दिवशी त्या क्षणी एकाच वेळी फार फाइली उघड्या असल्यामुळे वाचन फसते. फाइल मात्र जागेवरच असते. क्षणभराने लिहिणे यशस्वी होते आणि जुन्या नोंदी पुसल्या जातात. अपवाद झेलला होता, कार्यक्रम बंद पडला नाही, आणि तरीही व्हावयाचे ते नुकसान झाले.

२०१० मध्ये आंत्वान पित्रू यांनी मांडलेला पेप ३१५१ या समस्येवरचा उपाय होय. त्याचे दोन भाग होते. पहिल्यात एन्व्हायर्नमेंटएरर, आयओएरर, विंडोजएरर आणि सॉकेट, सिलेक्ट व एममॅप यांचे एरर ही सहा नावे ओएसएररमध्येच विलीन करावयाची होती. दुसऱ्यात ओएसएररखाली अर्थपूर्ण उपवर्ग निर्माण करावयाचे होते. ते कोणते, हे ठरवण्याची पित्रू यांची रीत मला या संपूर्ण इतिहासातील सर्वांत शहाणपणाची वाटते. ऑपरेटिंग सिस्टिमच्या शंभरावर क्रमांकांची तर्कशुद्ध वर्गवारी करण्याच्या फंदात न पडता, स्टँडर्ड लायब्ररीत आणि तिच्या चाचण्यांत अपवाद झेलताना प्रत्यक्षात कोणते क्रमांक तपासले जातात, याची त्यांनी मोजदाद केली. ज्यांची विचारणा होते त्यांना नावे मिळाली : फाइलनॉटफाउंडएरर, फाइलएक्झिस्ट्सएरर, पर्मिशनएरर, कनेक्शनएरर व त्याचे चार उपवर्ग, आणि असेच आणखी काही. परवानगी नाकारण्याचे ऑपरेटिंग सिस्टिमपाशी दोन क्रमांक आहेत. झेलणारा दोघांना सारखेच वागवतो, म्हणून दोघांना पर्मिशनएरर हे एकच नाव मिळाले. डिस्क भरली या दोषाला अद्याप स्वतंत्र वर्ग नाही. ते मला खटकते, परंतु त्या रीतीशी सुसंगत आहे.

ही रचना सप्टेंबर २०१२ मधील ३.३ मध्ये आली. जुन्या प्रोग्रामांना धक्का लागू नये म्हणून दोन युक्त्या योजल्या गेल्या. जुनी नावे टोपणनावे म्हणून राहिली. आजही पायथनला आयओएरर असे विचारले तर तो ओएसएरर हे नाव छापून उत्तर देतो. आणि कोणी क्रमांक देऊन ओएसएरर निर्माण केला, तर त्या क्रमांकाला साजेसा उपवर्ग आपोआप निवडला जातो, त्यामुळे उपवर्गांची नावे ज्यांना ठाऊक नाहीत अशा जुन्या लायब्रऱ्यांतूनही नेमका प्रकारच बाहेर पडतो.

तरीही ही उतरंड स्थिर राहिली असे नाही. सिग्नल आल्यामुळे ऑपरेटिंग सिस्टिमचे काम मध्येच खंडित झाले तर त्यासाठी इंटरप्टेडएरर हा वर्ग ३.३ मध्ये आला होता. परंतु अशा वेळी झेलणारा नेमके एकच करी : तीच क्रिया पुन्हा करी. पेप ४७५ ने २०१५ मधील ३.५ मध्ये ती पुनरावृत्ती भाषेकडेच सोपवली आणि तो वर्ग जवळजवळ निरुद्योगी झाला. प्रत्येक झेलणाऱ्याचे उत्तर एकच असेल तर अपवाद वरपर्यंत पाठवण्याचे प्रयोजन उरत नाही.

टाइमआउटएररची गोष्ट उलट दिशेने गेली आणि तिच्याविषयी माझे मत तितकेसे अनुकूल नाही. 'वेळ संपली' हे सांगणारे सॉकेटचे, असिंक्आयओचे आणि कॉन्करंट फ्यूचर्सचे अपवाद वेगवेगळे होते. ते टाइमआउटएरर या एकाच नावात विलीन झाले. सॉकेटचा २०२१ मधील ३.१० मध्ये, उरलेले दोन २०२२ मधील ३.११ मध्ये. झेलणाऱ्याची सोय झाली हे खरे. परंतु टाइमआउटएरर हा ओएसएररचा उपवर्ग असल्याने, प्रोग्रामच्याच एका भागाने दुसऱ्या भागाची वाट पाहणे सोडले तरी तो आता ऑपरेटिंग सिस्टिमचा दोष म्हणून मोजला जातो, मग ऑपरेटिंग सिस्टिमचा त्यात काही हात असो वा नसो. फाइलींचे दोष झेलण्यासाठी लिहिलेले ओएसएररचे कलम असे कालसमाप्तीचे प्रसंगही झेलू लागले. एका जागी नावे एकवटताना दुसऱ्या जागी जाळे नको तितके रुंद झाले.

एकाच वेळी अनेक अपवाद

आतापर्यंतच्या सर्व उतरंडींमागे एक गृहीत होते : एका वेळी एकच अपवाद वर जातो. अनेक कामे एकत्र चालवणाऱ्या प्रोग्रामांत ते टिकत नाही. दहा सर्व्हरांना एकाच वेळी विचारणा केली असता दोघांनी जोडणी नाकारली, एकाकडून वेळेत उत्तर आले नाही आणि एकाचे उत्तर वाचता आले नाही, तर वर काय पाठवावे? एक निवडून बाकीचे टाकून देणे ही बराच काळ रूढ असलेली तडजोड होती.

इरिट कॅट्रियल, युरी सेलिव्हानोव्ह आणि व्हान रॉसम यांच्या पेप ६५४ नुसार २०२२ मधील ३.११ मध्ये एक्सेप्शनग्रुप हा वर्ग आला. तो अनेक अपवादांना एकत्र बांधून वर नेतो, आणि समूहाच्या आत आणखी समूहही असू शकतात. येथे २००६ च्या निर्णयाची सावली लगेच पडली. समूहात कीबोर्डइंटरप्टसारखा आदेश असेल तर तो समूह एक्सेप्शन म्हणून झेलला जाता कामा नये. नुसत्या वार्ता असतील तर झेलला गेला पाहिजे. म्हणून समूहाचेही दोन वर्ग करावे लागले. बेसएक्सेप्शनग्रुप हा बेसएक्सेप्शनखाली आहे. एक्सेप्शनग्रुप हा त्याचा आणि एक्सेप्शनचा असा दोघांचाही वारस आहे. निर्माण होताना आतील घटक तपासून योग्य वर्ग ठरवला जातो. झेलण्यासाठी तारांकित कलमाची नवी रचना भाषेत आली. ते कलम समूहातून आपल्या नावाशी जुळणारे अपवाद तेवढे वेगळे काढते, पुढचे कलम उरलेल्यांतून आपले काढते, आणि कोणत्याच कलमाशी न जुळलेले अपवाद पुन्हा समूहाच्या रूपाने वर पाठवले जातात.